एक, जुळी की तिळी: कोकरांच्या संख्येनुसार मेंढी सांभाळायची कशी

मेंढीला जुळी झाली की नवीन पाळणारा हरखून जातो. आनंद रास्तच आहे. पण जुळी जन्माला येणे आणि जुळी वाढून दूध तुटेपर्यंत पोचणे यांच्यामध्ये दोन-तीन महिने असतात, आणि खरे काम तिथेच असते.

माझ्या सुरुवातीच्या हंगामात सगळ्या गाभण मेंढ्या एकाच गव्हाणीवर, एकसारख्या खुराकावर होत्या. एकीच्या पोटात एकच कोकरू होते. ते इतके मोठे झाले की मेंढी विताना अडली. दुसरीच्या पोटात दोन होती. ती विण्याच्या दहा दिवस आधी खाली बसली आणि पुन्हा उठलीच नाही. तोच चारा, तोच खुराक. एकीला जास्त झाला, दुसरीला कमी पडला. पोटात किती कोकरे आहेत हे मला माहीत नव्हते आणि ते माहीत असायला हवे हेही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख संख्येपासूनच सुरू करतो.

पायरी १: संख्या कशावर ठरते ते समजून घ्या

मेंढी माजावर आली की तिच्या बीजांडकोशातून किती बीजे सुटतात, त्यावर त्या वेतात जास्तीत जास्त किती कोकरे होतील हे ठरते. मेंढ्याने बीजांची संख्या वाढत नाही. त्याच्या घराण्यातला जुळ्यांचा गुण उतरतो, पण तो त्याच्या मुलींमध्ये दिसतो. तेव्हा ‘नवा मेंढा आणला, आता जुळी होतील’ ही आशा त्याच वर्षी धरू नका.

जातीचा वाटा मोठा असतो. फिनशीप आणि रोमानोव्ह या जातींत तिळी होणे नवलाचे नाही. सुंदरबनातली लहानखुरी गारोळ आणि ऑस्ट्रेलियातली बुरुला मेरिनो यांच्यात ‘फेक-बी’ नावाचे जनुक आहे. त्याची एक प्रत मिळालेल्या मेंढीला एका वेतात सरासरी सुमारे एक कोकरू जास्त होते. वयाचाही परिणाम होतो. पहिल्या वेताला बहुधा एकच कोकरू होते, आणि जुळ्यांचे प्रमाण चार ते सहा वर्षांच्या मेंढ्यांत सर्वांत जास्त दिसते.

उरतो तो चारा. मेंढा कळपात सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांचा आहार वाढवला तर जास्त बीजे सुटतात. याला फ्लशिंग म्हणतात. याचा गुण बारीक मेंढ्यांत चांगला दिसतो, आधीच धष्टपुष्ट असलेल्यांत फारसा नाही. नव्या माणसाला माझा सल्ला असा: गाभणकाळाच्या शेवटी पुरेल एवढा चांगला चारा हाताशी नसेल तर पहिल्या वर्षी फ्लशिंगच्या नादी लागू नका. पोटात दोन घालायची आणि ऐन गरजेच्या वेळी मेंढीला उपाशी ठेवायचे, यासारखे वाईट काही नाही.

पायरी २: पोटात किती आहेत ते आधी कळून घ्या

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा, चार-पाच दिवस इकडेतिकडे. मेंढा लागल्यापासून ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी केली तर सरावलेल्या माणसाला कोकरे मोजता येतात. त्यानंतर कोकरे मोठी होऊन एकमेकांआड जातात आणि मोजणी चुकते. सोनोग्राफी झाली की जागच्या जागीच मेंढीच्या पाठीवर रंगाने खूण करा: एकटीला एक रंग, जुळीवालीला दुसरा, तिळीवालीला तिसरा. रिकाम्या निघालेल्यांना वेगळे काढा. घरी जाऊन लिहू म्हटले की घोळ होतो.

सोय नसेल तर निदान मेंढा केव्हा लागला त्याची तारीख टिपा. पोटाचा घेर पाहून संख्या सांगणारे पुष्कळ भेटतात, पण भरलेल्या पोटाने भले भले फसतात. त्यापेक्षा पाठीवर हात ठेवलेला बरा. कमरेच्या मणक्यांवर बोटे दाबून मांस-चरबी किती आहे ते पाहायचे आणि एक ते पाच गुण द्यायचे. हाडे टोचली तर एक, हाडे सापडतच नाहीत तर पाच. गाभण मेंढी तीनच्या आसपास असावी. शेवटच्या दोन महिन्यांत जी मेंढी चारा खाऊनही पाठीवर उतरत जाते, तिच्या पोटात बहुधा एकापेक्षा जास्त आहेत असे धरून चाला.

पायरी ३: शेवटचे सहा आठवडे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण कोकराच्या जन्मवजनाचा सुमारे ७० टक्के भाग याच सहा आठवड्यांत तयार होतो. याच काळात कासही भरत असते. अंगापुरत्या लागणाऱ्या आहाराच्या तुलनेत एकच कोकरू असलेल्या मेंढीला शेवटी साधारण दीडपट ऊर्जा लागते, तर जुळी असलेलीला जवळजवळ दुप्पट. तिळी असतील तर त्याहूनही जास्त. पंचाईत अशी की गर्भाशय जितके मोठे, तितकी खाण्याच्या पोटाला जागा कमी. जिला सर्वांत जास्त हवे, तिलाच सर्वांत कमी मावते.

म्हणून जुळी-तिळीवालीला नुसता जास्त चारा टाकून भागत नाही, थोड्याच चाऱ्यात जास्त ताकद देणारा चारा लागतो. जाडाभरडा वाळला कडबा पोट भरतो, पण पोटातल्या कोकरांना पुरत नाही. पालेदार, कोवळेपणी कापलेला चारा तिच्यासाठी राखून ठेवा. जोडीला धान्य आणि पेंड यांचा खुराक द्या, तो हळूहळू वाढवत न्या आणि दिवसातून दोनदा विभागून घाला. एकदम जास्त धान्य पडले तर पोटात आम्ल वाढून मेंढी खाणेच सोडते. गव्हाणीला सगळ्या एकाच वेळी तोंड घालू शकतील एवढी जागा हवी, मेंढीमागे साधारण ४५ सेंटिमीटर. जागा कमी असली तर दांडग्या मेंढ्या खातात आणि जड पोटाची मागे राहते.

एकटे कोकरू असलेल्या मेंढीला मात्र आवर घाला. तिला उपाशी ठेवायचे नाही, पण जुळीवालीचा खुराकही द्यायचा नाही. तिच्या पोटातले कोकरू एकटेच सगळे खाते आणि विताना खांद्याशी अडकते.

आता त्या आजाराविषयी, ज्याने माझी मेंढी गेली. ऊर्जा कमी पडली की मेंढी अंगची चरबी वितळवते. ती फार वेगाने वितळली की यकृताला झेपत नाही आणि रक्तात किटोन (चरबी वितळताना तयार होणारी द्रव्ये) साठतात. हाच प्रेग्नन्सी टॉक्सिमिया. तो बहुतेक जुळी-तिळीवाल्या मेंढ्यांना होतो, विशेषतः फार रोड किंवा फार लठ्ठ असलेल्यांना. पहिले लक्षण इतके साधे असते की नजरेतून निसटते: खुराक टाकला की सगळ्या धावतात आणि एक मेंढी येत नाही, किंवा सर्वांच्या मागून येऊन गव्हाणीपाशी नुसती उभी राहते. मान किंचित वर, कान स्थिर, नजर कुठेतरी लांब. तोंडापुढे हात हलवला तरी डोळा मिटत नाही. पुढे दात खाते, भिंतीला डोके लावते, तोंडाला गोडसर उग्र वास येतो. असे दिसले की त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलवा. तोंडावाटे द्यायचे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि इतर उपचार लवकर झाले तर मेंढी वाचते. आडवी पडल्यावर मात्र आशा फार थोडी. कॅल्शियम कमी पडल्यावरही मेंढी अशीच बसते, पण ती कॅल्शियमच्या इंजेक्शनने लवकर उठते, म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्या.

आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या आजाराची) लस विण्याआधी चार ते सहा आठवडे मेंढीला टोचून घ्या, म्हणजे चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून, कोकरांना संरक्षण मिळते. या काळात मेंढ्या लांब पळवू नका, एकाएकी चारा बदलू नका, एक दिवसही उपाशी ठेवू नका.

पायरी ४: वेण सुरू झाल्यावर

जुळी-तिळी एकट्यापेक्षा एखादा दिवस आधी येतात. विण्याच्या अडचणीही वेगळ्या. एकट्या कोकराचे दुखणे आकाराचे, जुळ्यांचे दुखणे गुंत्याचे. दोन कोकरे एकदम बाहेर येऊ पाहतात. एकाचे डोके आणि दुसऱ्याचा पाय असे हाताला लागते. तेव्हा पाय दिसला म्हणून ओढायचा नाही. हात स्वच्छ धुऊन, मोजा घालून, भरपूर वंगण लावून पायावरून वर खांद्यापर्यंत आणि तिथून मानेपर्यंत बोटे न्यायची. दोन्ही पाय आणि डोके एकाच कोकराचे आहे अशी खात्री पटल्यावरच, मेंढी कळ देईल तेव्हा, हलके ओढायचे. दुसऱ्याला आधी अलगद आत सारावे लागते. अर्धा-पाऊण तास जोराच्या कळा येऊनही काही पुढे सरकत नसेल तर जाणत्याला बोलवा. पहिल्या हंगामात तर त्याआधीच बोलवा.

पहिले कोकरू आले की काम संपले असे समजू नका. मेंढीच्या मागे उभे राहून कासेच्या पुढे पोटाखाली दोन्ही हात घालून पोट हलकेच वर उचला. आत आणखी कोकरू असेल तर कठीण गोळा हाताला लागतो. वार, म्हणजे कोकरांमागून पडणारी नाळेची पिशवी, आपोआप पडू द्या, कधीही ओढू नका.

जुळ्यांमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती मी अनेकदा जवळून पाहिली आहे. मेंढी पहिल्याला चाटत असते. मान खाली, घशातून तो हलका घुरघुर आवाज, जो ती फक्त तान्ह्याशी बोलताना काढते. एवढ्यात दुसरी कळ येते, ती चार पावले पुढे जाऊन बसते, दुसरे जन्मते, आणि ती त्यालाच चाटू लागते. पहिले ओलेच मागे धडपडत राहते. तासाभराने ते जवळ आले तर ती हुंगते आणि डोक्याने ढकलून देते. ते तिच्या लेखी परके झालेले असते. आई-लेकराची ओळख पहिल्या काही तासांतल्या चाटण्या-हुंगण्यातूनच बसते. म्हणून मेंढी जिथे व्याली तिथून तिला घाईने हलवू नका. पहिले कोकरू लांब गेले असेल तर उचलून तिच्या नाकापुढे आणून ठेवा. दोन्ही चाटून झाली की साधारण दीड मीटर लांब-रुंद छोट्या कप्प्यात तिघांना एकत्र ठेवा. एकटे असेल तर एक दिवस, जुळ्यांना दोन, तिळ्यांना तीन दिवस. मेंढीच्या पाठीवर आणि तिच्या सर्व कोकरांवर रंगाने एकच आकडा घाला. नाळेला आयोडीन लावा.

पायरी ५: चीक मोजून पाजा

कोकरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये जवळपास नसतातच, ती चिकातूनच मिळतात. आतडे ती शोषून घेते ते पहिल्या काही तासांतच. सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने घटते आणि दिवसभरात संपते.

दर किलो वजनामागे पहिल्या पाजण्याला ५० मिलिलिटर, तेही पहिल्या दोन तासांत, आणि २४ तासांत मिळून सुमारे २०० मिलिलिटर, असा हिशेब आहे. आता संख्येचा परिणाम पाहा. चार किलोच्या एकट्या कोकराला दिवसभरात ८०० मिलिलिटर पुरे. अडीच-अडीच किलोच्या तिळ्यांना मिळून दीड लिटर लागतो. म्हणजे आईला जवळपास दुप्पट चीक हवा, आणि सड मात्र दोनच.

जन्मल्यावर दोन्ही सडांतून एकेक धार काढून सडाच्या तोंडाशी बसलेला मेणासारखा खडा निघून गेल्याची खात्री करा. मग प्रत्येक कोकराच्या पोटाला हात लावा. प्यायलेले पोट बरगड्यांमागे भरीव लागते, न प्यालेले खपाटीला गेलेले असते. शेपटी हलवत सडाला लागलेले कोकरू पिऊन तृप्त झालेच असे नाही, पोट चाचपल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

चीक कमी पडला तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या मेंढीचा काढून पाजा. एकटे कोकरू असलेल्या मेंढीचा जादा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवता येतो. तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा. उकळत्या पाण्यात प्रतिद्रव्ये नासतात. गाईचा चीकही चालतो, पण तो पातळ, म्हणून तिसऱ्या हिश्शाने जास्त द्यावा लागतो. नळीने पाजणे एखाद्या जाणत्याकडून शिकून घ्या, आणि मान धरू न शकणाऱ्या कोकराला नळीने किंवा बाटलीने कधीही पाजू नका. दूध फुप्फुसात जाते.

पायरी ६: ऊब

जुळ्यांतले कोकरू त्याच जातीच्या एकट्या कोकरापेक्षा साधारण १५ ते २० टक्के हलके असते आणि तिळ्यांतले सुमारे तिसऱ्या हिश्शाने. लहान अंगातून उष्णता लवकर निघून जाते, आणि जन्मजात साठवलेली तपकिरी चरबीही त्याच्याकडे थोडीच असते. ती काही तासांत जळून जाते.

तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार लागले तर थर्मामीटर काढा. ३९ ते ४० अंश सेल्सिअस ठीक. ३७ ते ३९ मध्ये असेल तर पुसून कोरडे करा, चीक पाजा, आडोशाला ठेवा. ३७ च्या खाली असेल तर वय महत्त्वाचे. पाच तासांच्या आतल्या कोकराला आधी ऊब द्या, मग पाजा. पाच तासांहून मोठे आणि मान टाकलेले असेल तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. त्याला आधी पशुवैद्यकाकडून ग्लुकोजचे इंजेक्शन, मगच ऊब. उलट केले तर ऊब मिळताच उरलीसुरली साखर जळते आणि कोकरू झटके येऊन जाते. आपण चांगलेच करत होतो असे वाटत असताना ते हातात मरते. म्हणून हा क्रम लिहून भिंतीला लावा.

पायरी ७: तिसऱ्याचे काय करायचे

तिन्ही आईजवळ ठेवायची हौस मलाही होती. मेंढी तगडी, कास मोठी आणि खुराक भरपूर असेल तर जमतेही. पण बहुतेक वेळा तिसरे कोकरू मागे पडते, भुकेली कोकरे सड चावतात, मेंढी लाथ मारू लागते आणि कासदाह होतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत निर्णय घ्या.

एकटे कोकरू झालेल्या मेंढीला ते लावणे सर्वांत चांगले. ती वीत असतानाच परक्या कोकराला तिच्या गर्भजलाने नीट माखायचे आणि तिच्या नाकाशी आधी तेच ठेवायचे, नंतर तिचे स्वतःचे. कोणते कोकरू द्यायचे? दया येऊन माणूस सर्वांत अशक्त कोकरू उचलतो. तसे करू नका. तिळ्यांतली सारख्या वजनाची दोन आईजवळ ठेवा आणि धडधाकट, स्वतःहून सड शोधणारे कोकरू नव्या आईकडे द्या. तिथे त्याला झगडावे लागणार असते. देण्यापूर्वी त्याने सख्ख्या आईचा चीक प्यायलेला असावा. पुढचे दोन-तीन दिवस त्या कप्प्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

मेंढी मिळाली नाही तर बाटली. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच घट्ट असते, म्हणून कोकरांसाठीची दूध-पावडर मिळाली तर तीच वापरा, वेळा पाळा आणि बाटली दर वेळी धुवा.

पायरी ८: दूध, वाढ आणि आईची पाठ

जुळी पिणारी मेंढी एकट्या कोकराच्या आईपेक्षा साधारण ३० ते ५० टक्के जास्त दूध देते. पण दुप्पट देत नाही, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते आणि जुळी सावकाश वाढतात. उदाहरणादाखल, एकटे रोज २५० ग्रॅम वाढत असेल आणि जुळी २००-२०० ग्रॅम, तर एका मेंढीमागे रोजची वाढ ४०० ग्रॅम होते. जुळ्यांचा फायदा तो हाच, आणि त्याची किंमत आई अंगावरून चुकवते.

दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, तोवर जुळीवालीचा खुराक कमी करू नका. पाणी सतत समोर हवे. दोन आठवड्यांपासून कोकरांसाठी असा कोपरा करा, जिथे ती शिरतील पण मेंढ्या शिरू शकणार नाहीत, आणि तिथे ताजा, चविष्ट खुराक ठेवा. जुळी-तिळी तो लवकर खायला शिकतात, कारण त्यांचे पोट दुधाने भरत नाही.

दूध तोडल्यावर मेंढीची पाठ पुन्हा चाचपा. जुळी वाढवलेली मेंढी अर्धा-एक गुण खाली आलेली असते. तो भरून निघायला चांगल्या चाऱ्यावर सहा ते आठ आठवडे लागतात. मेंढा सोडायची तारीख यावरून मागे मोजून ठरवा.

पायरी ९: नोंद आणि निवड

कळपासाठी मादी कोकरे राखताना एक चूक हमखास होते. डोळ्यांत भरते ते सर्वांत मोठे कोकरू, आणि ते बहुधा एकटे जन्मलेले असते. असे वर्षानुवर्षे केले की आपण नकळत जुळ्यांचा गुण कळपातून काढत जातो. म्हणून जुळ्यांचे वजन जुळ्यांशीच ताडून पाहा. हा गुण कमी प्रमाणात उतरतो, तेव्हा एका वेतावरून मेंढीची किंमत करू नका, तिची तीन-चार वेते पाहा.

गाई पाळणारे विचारतात, नराबरोबर जन्मलेली मादी वांझ निघते का? गाईंत बहुतेक वेळा निघते. मेंढ्यांत हे क्वचितच घडते, त्यामुळे नर-मादी जुळ्यांतली मादी बिनदिक्कत राखा.

वहीत प्रत्येक मेंढीपुढे एवढे लिहा: वेत कितवे, कोकरे किती झाली, प्रत्येकाचे जन्मवजन, मदत लागली का, दूध तोडताना किती उरली आणि किती किलोची होती, तेव्हा आईच्या पाठीचा गुण काय. जन्मवजन त्याच दिवशी, चीक पाजून झाल्यावर, ताणकाट्याला झोळी अडकवून घ्या. दुसऱ्या दिवशी कोकरू धरताना पळते.